रुमाल टाकून ठेवलेली जागा

आवडता रॉक बँड बघायला जर्मनीला जायचं ठरवलं, तेव्हा नवऱ्याने एवढंच विचारलं, "तो कल्ला ऐकायला विमानाने कशाला जायचं? आपल्या पॉवर प्रेसजवळ उभी राहा." कुपवाडचा कारखाना आम्ही दोघं मिळून चालवतो, त्यामुळे आवाजाच्या बाबतीत त्याला मत आहे. पण हा बँड मी अकरावीपासून ऐकते. सांगलीत कॉलेजला असताना मैत्रिणीच्या भावाने कॅसेट भरून दिली होती. ती मी फीत तुटेपर्यंत वाजवली. त्यातला ड्रम वाजवणारा माझा खास. बाकीचे बदलले असते तरी मला चाललं असतं. आता बँडचा हा शेवटचा दौरा होता आणि तो भारतात येणार नव्हता.

एकटीने जायचं नाही, एवढीच सासरची अट. म्हणून पलूसची थोरली जाऊ सोबत निघाली. तिचा मुलगा तिकडेच नोकरीला आहे, त्यामुळे राहायची सोय झाली. विमानात तिने एकच शंका काढली.

"तितं नाचाय लागतंय काय गं?"

"नाही अक्का, नुसतं उभं राहायचं."

"मग बरं हाय."

हे उभं राहणंच माझी अडचण होती. माझी उंची चार फूट दहा इंच. कार्यक्रम मोकळ्या मैदानात, खुर्ची एकही नाही. स्टेजपुढच्या लोखंडी कठड्याला चिकटून जागा मिळाली तर बँड दिसणार, नाहीतर तेवढ्या लांब जाऊन लोकांच्या पाठी बघून यायचं. म्हणून आम्ही सकाळीच रांगेत लागलो. डब्यातले धपाटे रांगेतच संपवले. दुपारी फाटक उघडल्यावर मी अशी पळाले, की अक्का मागून ओरडत होती, "आगं, पडशील!" कठडा मिळाला. समोर ड्रम.

तासाभराने अक्काला बाथरूमला जायचं झालं.

"तुम्ही जाऊन या, मी जागा धरते," मी म्हणाले.

"मला एकटीला न्हाई सापडायचं. समद्या पाट्या सारख्याच दिसत्यात. चल की, रुमाल टाक अन् चल. येष्टीत टाकतो तसा. कोण हात लावतंय?"

आणि मला ते पटलं. यंत्रात बोट घालू नका म्हणून कामगारांना रोज सांगणारी मी. पण पलूसच्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकून वर्षानुवर्षं जागा धरलेली. पांढरा रुमाल कठड्याला गाठ मारून बांधला आणि आम्ही गेलो.

परत आलो तर तिथे चार दांडगे पुरुष उभे. रुमाल गायब. कठड्यापलीकडच्या सुरक्षारक्षकाला मी हाका मारून इंग्रजीत विचारलं, तर त्याने खिशातून रुमाल काढून हसतहसत माझ्या हातात दिला. कुणाचा तरी हरवला म्हणून त्या चौघांनीच प्रामाणिकपणे त्याच्याकडे जमा केला होता. भांडायचं तरी कशावरून? ही माझी जागा होती, असं म्हटल्यावर रक्षकाने रुमालाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खांदे उडवले.

कार्यक्रम सुरू झाला. पहिली तीन गाणी मी एका चामडी जाकिटाची शिवण बघत ऐकली. शिवण चांगली होती. ड्रमचे ठोके छातीत बसत होते आणि वाजवणारा दिसत नव्हता. टाचा उंचावून पोटऱ्या दुखायला लागल्या. अक्का माझ्याहून वीतभर उंच, तिला मजेत दिसत होतं.

"तुझा कंचा गं? ढोलवाला?"

"हो. मला नाही दिसत."

"आता गं बया!" म्हणत तिने त्या जाकिटवाल्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या. तो वळला. "आवं दादा, सरका की जरा! ही पार सांगलीस्नं आलीया." मग तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो हात तसाच त्याच्या छातीला लावून माझी उंची दाखवली आणि तळहाताने त्याला बाजूला ढकललं. बाकड्यावर चौथा माणूस बसवताना ढकलतात तितकंच, अपमान न करता.

त्याला एक शब्द कळला नसणार. तरी तो सरकला. त्याच्या पलीकडचाही सरकला. कठड्याशी हातभर फट झाली आणि अक्काने मला मागून त्यात कोंबलं.

समोर ड्रम होता. मागे बसलेला माणूस फोटोतल्यापेक्षा खूप म्हातारा, टक्कल पडलेला, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. पण हात तेच. मी बेंबीच्या देठापासून ओरडले. कामगारांनी ऐकलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून मला कुणी जुमानलं नसतं.

"ह्योच व्हय?" अक्का कानात ओरडली. "ह्या म्हाताऱ्यासाठी?"

"होय!"

तिने त्याला नीट न्याहाळलं. "मनगट मातर लय भारी हाय," ती म्हणाली आणि पुढच्या गाण्याला जाकिटवाल्याच्या खांद्यावर ठेका धरला.