आईचं अंजीर आणि भाऊजींचा चिमटा

आमच्या भाऊजींच्या हातात कुठलीही बंद वस्तू दिली की ते ती उघडतात. त्यांना बोलून उपयोग नाही, धंदाच तसा आहे. कोपऱ्यावरच्या त्या हातभर दुकानात डोळ्याला भिंग लावून आणि हातात चिमटा धरून त्यांनी उभा जन्म लोकांच्या घड्याळांची पोटं उघडण्यात घालवला. दुकानात ते ठीक आहे. पण घरी आल्यावरही हा माणूस स्वस्थ बसेल तर शपथ. मिक्सर जरा घरघरला की उघड. दाराची बेल खरखरली की उघड. माझ्या मुलीची एक बोलणारी बाहुली होती, ती एकदा त्यांच्या हाती लागली. त्यानंतर ती जी गप्प झाली ती आजतागायत.

अशा माणसाने झाडांच्या नादी लागू नये, हे माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. त्यातून लावायचंच तर गुलाब लाव, तुळतुळीत पानांचं काहीतरी शोभेचं लाव. ह्यांनी निवडलं अंजीर. अंजिराचा सगळा कारभार आतल्या आत. फूलसुद्धा फळाच्या पोटात, बाहेरच्याला पत्ता नाही. मला वाटतं, भाऊजी तिथेच भुलले.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या गॅलरीत, रंगाच्या रिकाम्या बादल्यांत पाच अंजिरं उभी आहेत. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे माझ्या ताईच्या, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या त्यापायी गेल्या. पान तोडलं की पांढरा चीक येतो, तो अंगाला लागला की खाज आणि शर्टाला लागला की डाग, त्यामुळे भाऊजींकडे धड शर्ट असा एक उरलेला नाही. आणि प्रत्येक झाडाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. दुकानात गिऱ्हाईकाच्या घड्याळाला बांधतात ना, तशी, तक्रारीसकट. 'पान कडेने करपते.' 'फळ लवकर गळते.' एकावर नुसतंच 'कारण कळत नाही.' ताई म्हणते, ती चिठ्ठी माझ्या गळ्यात बांधायची, चुकून झाडाला गेली.

फळं मात्र झकास. खोटं कशाला बोलू. अंजीर तोडल्यावर पिकत नाही, झाडावरच पिकावं लागतं, आणि त्याने मान टाकून साल जराशी तडकेपर्यंत भाऊजी कुणाला हात लावू देत नाहीत. मग ते बशीत चार फोडी करून समोर ठेवतात आणि आपण खाताना आपल्या तोंडाकडे टक लावून बघत बसतात. अवघडल्यासारखं होतं. पण फोड तोंडात गेली की माझ्यासारखी बडबडीसुद्धा घटकाभर गप्प बसते.

गप्प बसली नाही ती फक्त आमची आई.

बाबा गेल्यावर आई जुन्या घरात एकटीच होती. गुडघे बोलायला लागले, मग घर विकायचं ठरलं आणि आई ताईकडे राहायला आली. आली म्हणजे देहाने आली. खुर्चीवर बसायची ती कडेला, उठायला सोपं जावं तशी. पाणी हवं असलं तरी विचारून घ्यायची. चहा कसाही झाला तरी "छान आहे" म्हणायची. आमच्या आईने चहाला नाव ठेवलं नाही म्हणजे काय, ते तिच्या लेकींनाच माहीत. ताई रडकुंडीला आली होती. "अगं, पाहुण्यासारखी राहते गं माझ्याच घरात," म्हणायची. मी पोस्टातून सुटल्यावर घरी जाताना रोज डोकवायचे, तर आई मलाही "बस ना" म्हणायची नाही. दुसऱ्याच्या घरात आपण कसं म्हणायचं, असा तिचा हिशेब.

भाऊजींनी पहिल्याच आठवड्यात तिच्यापुढे अंजिराची बशी ठेवली. आईने एक फोड खाल्ली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "छान आहे हो. पण हे अंजीर नाही."

तिच्या लेखी बाबांनी जुन्या घराच्या मागच्या दाराशी लावलेलं झाड, ते अंजीर. बाकी सगळी नुसती फळं. भाऊजींच्या हे अगदी वर्मी लागलं. तरी एक शहाणपण त्यांनी आधीच केलेलं होतं. घर रिकामं करायच्या दिवशी आम्ही सगळे कपाटं ओढत होतो आणि हे महाशय मागच्या भिंतीवर चढून त्या झाडाच्या काड्या छाटत होते. मी चिडले. म्हटलं, "भाऊजी, सामानाला हात लावा, सरपण कसलं गोळा करताय?" त्यांनी पेन्सिलीएवढ्या आठ काड्या ओल्या कागदात गुंडाळल्या आणि खिशात घातल्या. घर घेणाऱ्याला तिथे गोदाम बांधायचं होतं. पुढच्या आठवड्यात झाड मुळासकट गेलं. म्हणजे आता ह्या आठ काड्या जगल्या तर आईचं अंजीर राहणार, नाहीतर संपलं.

काड्या आठ पेल्यांत ओल्या वाळूत खोचलेल्या बघून आई म्हणाली, "ह्याला फळ आलं की मी खाईन." इतकंच. पण ताईकडे आल्यापासून तिने स्वतःहून काही मागितलं असेल तर ते हेच.

आता अंजिराची काडी लावायची रीत अगदी सोपी आहे. वाळूत खोचायची, सावलीत ठेवायची आणि विसरून जायचं. पहिल्या दोन गोष्टी भाऊजींनी उत्तम केल्या. विसरून जाणं त्यांच्या रक्तातच नाही. दोन दिवस झाले की ह्यांचे हात शिवशिवायचे. हळूच काडी उपसायची, डोळ्याला भिंग लावून बुडखा बघायचा, परत खोचायची. कोवळं मूळ केसाहून नाजूक, ते ह्या उपसण्यात तुटायचं. काडी कुजायची. मग ही का कुजली म्हणून दुसरी उपसायची. ताई ओरडली, मी ओरडले. "नुसतं बघतोय गं," म्हणायचे, जणू बघण्याने कधी कुणाचं वाईट झालंच नाही. असं करत करत सहा गेल्या, आणि आईला सांगायची कुणाची छाती झाली नाही.

एका रविवारी सकाळी आई टॉवेल कठड्यावर वाळत टाकायला गॅलरीत गेली. मी चहाचा कप घेऊन दारातच होते. भाऊजी उकिडवे बसलेले, डोळ्याला भिंग, चिमट्यात सातवी काडी.

"काय करताय जावईबापू?"

भाऊजी दचकले. "काही नाही, बघतोय. मुळं आलीत का ते."

"आलीत?"

"आली होती बहुतेक."

आईने चिमट्यातल्या काडीकडे बघितलं, मग रिकाम्या पेल्यांकडे. मोजायला तिला वेळ लागला नाही. ती ओरडेल असं मला वाटलं, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. "घड्याळ बिघडलं तर दुसरं मिळतं हो," ती म्हणाली. "हे झाड आता तुम्ही कुठून आणणार?" भाऊजींचं तोंड बघून मला त्यांचीच दया आली. चोरी करताना पकडलेला माणूस बरा दिसतो.

मग आई आत गेली. आम्हाला वाटलं, आता दार लावून घेणार. तर ती आपली खुर्ची ओढत बाहेर घेऊन आली, उरलेल्या एकुलत्या एका पेल्याशेजारी ठेवली आणि तिच्यावर बसली. पाठ टेकून, ऐसपैस.

त्या दिवसापासून गॅलरीत पहारा सुरू झाला. सकाळचा चहा तिथे, पेपर तिथे, दुपारची डुलकीसुद्धा तिथे. भाऊजी दुकानातून येऊन गॅलरीच्या उंबऱ्याशी उभे राहिले की आई मान न वळवता म्हणायची, "हात खिशात." आणि हा माणूस, केस पांढरे झालेला, स्वतःच्या घरात खिशात हात घालून उभा राहायचा. बाकीच्या पाच झाडांना पाणी घालायची परवानगी होती, पण देखरेखीखाली. "त्या कडेच्याला कशाला इतकं? बुडवताय का त्याला?" "ते पान काढा, किडलंय." "हळू, जावईबापू, झाड आहे ते, नळ नाही." भाऊजी मला दुकानात म्हणाले, "तुमच्या आईला माझ्याशी बोलायला इतकी वर्षं लागली. आता थांबत नाहीत." तक्रार करत होते, पण चेहरा तक्रारीचा नव्हता.

आणि एक दिवस ताईचा मला फोन आला. "अगं, आई मला ओरडली! चहा पाणचट झाला म्हणून!" आवाज असा, जणू लॉटरी लागली.

थंडी ओसरली आणि काडीच्या टोकाला पान फुटलं. नखाएवढं, हिरवंगार. आईने शेजारणीला बोलावून दाखवलं. संध्याकाळी भाऊजी आले, दुरूनच वाकून बघितलं आणि हात धुवायला वळले. आईने खोदून खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "पान फुटलं म्हणजे मूळ धरलंय असं नसतं, आई. काडीतल्या ओलाव्यावरही पान फुटतं. तो संपला की जातं."

झालं. आईच्या जिवाला घोर लागला. चार दिवस ती त्या पानाकडे बघत बसली. पाचव्या दिवशी भाऊजी उंबऱ्याशी येऊन, सवयीने खिशात हात घालून उभे राहिले, तर आई म्हणाली, "जावईबापू, जरा बघता का हो उपसून? हलक्या हाताने. तुमचा हात हलका आहे."

ताईने आणि मी एकमेकींकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ह्या माणसाला आपण होऊन उघडायला सांगत होतं. त्यांची बोटं खिशातल्या खिशात हललेली मला दिसली.

"नाही आई," भाऊजी म्हणाले. "बंद असतं तर उघडलं असतं. हे चालू आहे, असं धरून चालू."

"आणि नसलं तर?"

"नसलं तर उघडूनही चालायचं नाही."

मग त्यांनी दुसरी खुर्ची आणली आणि तिच्या शेजारी बसले. दोघं त्या पेल्याकडे बघत बसली, टीव्ही लागलाय तशी. मी आणि ताई आत गेलो. भाऊजींना मी आजवर खूप चिडवलंय आणि पुढेही चिडवणार आहे, पण त्या संध्याकाळी त्यांना नमस्कार करावासा वाटला. केला नाही. डोक्यावर बसले असते.

पेल्याच्या बुडाला पाणी निघून जायला भोक होतं. एके सकाळी त्यातून पांढरा दोरा डोकावला. आईने भाऊजींना दाढी अर्धवट सोडून बाहेर बोलावलं. त्यांनी पेला न हलवता, जमिनीवर आडवं होऊन भिंगातून बघितलं. "मूळ," म्हणाले, आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

पुढच्या वर्षी झाड आईच्या खांद्याला आलं आणि त्याला तीन फळं धरली. एक पाखराने नेलं. उरलेल्या दोन्हींनी मान टाकली त्या दिवशी मी पोस्टातून लवकर सुटून आले. भाऊजींनी एका अंजिराच्या चार फोडी केल्या. आईने पहिली फोड उचलली. भिंग कपाळावर सरकवून भाऊजी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती सावकाश चावत होती. मी माझी फोड तोंडात टाकली.

अहो, पाणी. नुसतं पाणी आणि बिया. ताईने माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे बघितलं. भाऊजींनी आपली फोड खाल्ली आणि त्यांचा चेहरा उतरला. "पाणी जास्त झालं," ते म्हणाले. "पिकायच्या वेळी पाणी तोडायला हवं होतं. माझंच चुकलं, आई. पुढच्या खेपेला..."

"काही चुकलं नाही," आई म्हणाली. "हे असंच होतं."

"असंच म्हणजे?"

"असंच पुचाट. पहिल्या वर्षापासून."

"आई!" ताई म्हणाली. "जन्मभर तर तू त्याचे गोडवे गातेस."

"तुझे बाबा असेच समोर उभे राहायचे, माझ्या तोंडाकडे बघत. किती हौसेने लावलेलं. पुचाट आहे म्हणून कोणत्या तोंडाने सांगणार? पहिल्या वर्षी गोड म्हटलं, मग दरवर्षी म्हणावं लागलं." ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. ते पुसायचं तिला सुचलं नाही. "तेच हे. अगदी तेच."

मग आईने दुसरं अंजीर स्वतःच्या हाताने मोडलं आणि अर्धं भाऊजींपुढे धरलं. त्यांनी ते तोंडात टाकलं. आई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"कसं आहे?"

ह्या माणसाने गिऱ्हाईकाला बंद घड्याळ कधी चालू म्हणून सांगितलेलं नाही. ते पुष्कळ वेळ चावत राहिले.

"गोड आहे," भाऊजी म्हणाले.

"आता दरवर्षी म्हणावं लागेल हं," आई म्हणाली, आणि उरलेलं अर्धं खायला लागली.