सलीममामूंचा भूतकाळ

सलीममामूंना मी एकदा इंग्रजीत मारलं. मराठीत ते त्या वेळी वज्रेश्वरीला गरम पाण्याच्या कुंडात मजेत बसले होते.

आम्ही तेव्हा नारपोलीत राहत होतो. चाळीच्या मागे कापडाचे लूम, पुढे लूम, दिवसभर खटाक-खटाक. सलीममामू, म्हणजे अम्मीचे धाकटे भाऊ, तिथल्याच एका कारखान्यात फिटर होते. बिघडलेला लूम नुसत्या आवाजावरून ओळखायचे. त्यांना मस्कतला जायचं होतं. बिस्किटांच्या कुठल्याशा कंपनीत फिटर हवे होते. मुंबईत हाताच्या कामाची परीक्षा झाली, तीत मामू पास झाले. आता राहिली होती फक्त मुलाखत. ती इंग्रजीत!

घरात इंग्रजी येणारी व्यक्ती एकच. मी! दहावीत होते आणि सहामाहीला इंग्रजीत वर्गात दुसरी आले होते. (पहिली आलेली मुलगी कॉपी करायची, असं माझं ठाम मत होतं.) रोज संध्याकाळी मी मामूंना काळ शिकवायला बसायचे.

"गो, वेंट, गॉन. म्हणा मामू."

"अगो नसीम, जायचा तर एकदाच हाय ना? मग तीन तीन शब्द कशाला?"

"इंग्रज तीनदा जातात मामू. तुम्ही म्हणा!"

माझा स्वतःचा एक सिद्धांतही होता. 'धिस इज अ कॅट' हे पाचवीतल्या पोरांचं. म्हणजे वर्तमानकाळ लहान मुलांचा. मोठी, शिकलेली माणसं भूतकाळात बोलतात. जितके जास्त 'वॉज' आणि 'हॅड', तितका माणूस सुशिक्षित. हा सिद्धांत मी बाईंना कधी विचारला नाही. विचारायची गरजच वाटली नाही!

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मामूंची पाठ धरली. "आता वज्रेश्वरीला जातो, गरम पान्यात बसतो, सांजेला परत," असं म्हणून ते पहिल्या एस्टीने गेले.

आणि दुपारी शेजारच्या वंदनाकाकू धावत आल्या. चाळीत फोन त्यांच्याकडेच होता.

"नसीम, चल लवकर! मुंबईहून सलीमसाठी फोन आलाय. सगळं इंग्रजीत चाललंय. मी नुसतं हॅलो-हॅलो करून ठेवलंय!"

मी गेले. मागोमाग अम्मी, तिच्या मागे अर्धी चाळ. फोनवर कंपनीचे कुरियनसाहेब होते. मी घसा साफ केला.

"मे आय स्पीक टू मिस्टर सलीम?"

"सलीम वॉज माय अंकल, सर," मी म्हणाले.

पलीकडून हळूच, "वॉज?"

"येस सर! ही वॉज अ व्हेरी गुड फिटर."

"ओ माय गॉड! व्हॉट हॅपन्ड?"

पाहिलंत? साहेबसुद्धा भूतकाळातच बोलत होते! माझा हुरूप दुप्पट झाला.

"ही हॅड बॅक पेन. टुडे मॉर्निंग ही लेफ्ट अस."

"बट हाऊ?"

"इन हॉट वॉटर, सर."

पलीकडे कुणीतरी 'श्श' केल्यासारखा आवाज आला. "माय चाइल्ड, यू आर इन शॉक."

(शॉक म्हणजे मला फक्त विजेचा माहीत.) "नो सर, नो शॉक! ओन्ली हॉट वॉटर."

"अँड युअर फॅमिली?"

मी मागे वळून पाहिलं. अम्मी पदराआडून हसत होती. "फॅमिली वॉज व्हेरी हॅपी, सर."

मग त्यांनी काहीतरी 'फ्युनरल' कधी आहे असं विचारलं. हा शब्द आमच्या पुस्तकात नव्हता. मला वाटलं, मुलाखतीलाच बड्या कंपन्यांत असं म्हणत असतील.

"टुमॉरो, सर. अंकल विल कम हिमसेल्फ!"

साहेब जड आवाजात म्हणाले, "नो, नो. आय विल कम." आणि शेवटी, "आय अॅम सो सॉरी."

"मेन्शन नॉट!" मी म्हणाले आणि ऐटीत फोन ठेवला.

"काय बोलले गं?" अम्मीने विचारलं.

"साहेब स्वतः येतायत! उद्या! आपल्या घरी!"

चाळीत दिवाळी आणि ईद एकदम आली. अब्बा मटण आणायला गेले. वंदनाकाकूंनी चांगल्या कपबशा दिल्या. संध्याकाळी मामू परतले, तेव्हा त्यांना इस्त्रीचा शर्ट दाखवून मी म्हणाले, "बघा, माझ्या इंग्रजीने साहेब घरी चालत येतोय!" मामूंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. डोळे भरून आले होते त्यांचे.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. पांढरे कपडे, मान खाली, हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ. घरात बिर्याणीचा घमघमाट, अम्मीच्या अंगावर लग्नातली साडी, पोरं दारात टाळ्या पिटतायत! साहेब उंबऱ्यातच थबकले.

"व्हेरी सॅड," ते अम्मीला म्हणाले.

"थँक्यू, थँक्यू!" अम्मीने तोंडभर हसून तिचं सगळं इंग्रजी खर्च केलं.

साहेब कसेबसे खुर्चीत बसले. तेवढ्यात आतला पडदा सरकला आणि मामू सरबताचा ट्रे घेऊन बाहेर आले.

"गुड मॉर्निंग सर! आय अॅम सलीम!"

साहेब खुर्चीसकट मागे गेले. अब्बांनी धरलं म्हणून, नाहीतर गुच्छाचा उपयोग तिथेच झाला असता!

थोडं सरबत पोटात गेल्यावर साहेबांनी मोडक्या हिंदीत विचारलं, "तुम जिंदा है?"

"जी साहब. पीठ में थोडा दर्द है, बस."

मग खुलासा झाला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण हसायच्या आधी साहेब हळूच म्हणाले, "सलीम, तुम्हारी जगह कल शाम दूसरा आदमी ले लिया."

मामूंच्या हातातला ट्रे खाली आला. मागच्या लूमचा आवाज एवढा मोठा मला कधी वाटला नव्हता. मामू मात्र माझ्याकडे बघून म्हणाले, "जाऊ दे गो. रडू नको. मस्कत कुठं पलून जातंय?"

साहेबांनी मला पुढे बोलावलं आणि फोनवर काय काय बोललीस ते परत सांग म्हणाले. मी हुंदके देत सगळं म्हणून दाखवलं. 'अंकल विल कम हिमसेल्फ'ला साहेबांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि पोट धरून हसले. त्यांनी बिर्याणी दोनदा मागून घेतली. जाताना मामूंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नेक्स्ट बॅच में तुम पक्का."

आणि खरंच, पावसाळा संपता संपता मामू मस्कतला गेले. पुढे कितीतरी वर्षं तिथून खजूर आणि माझ्यासाठी अत्तर येत राहिलं. सुट्टीवर आले की चाळीत कट्ट्यावर बसून आपल्याच मरणाची गोष्ट सांगायचे. दर वर्षी कुंडातलं पाणी थोडं जास्त गरम व्हायचं.

मी पुढे शिक्षिका झाले. हेडसरांनी इंग्रजी देऊ केलं होतं, मी हात जोडून भूगोल मागून घेतला. भूगोलात नदी उलट्या बाजूला वाहिली, तरी कुणी फुलं घेऊन दारात येत नाही!