एकशेदहा फूट काठ

माझी मोठी मावशी तयार कपड्यांच्या एका दुकानात मागच्या खोलीत बसून शिवणकाम करायची. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, कंबर सैल करणं, असलं सगळं. दुकानाने तिला फक्त दुपारचंच काम ठेवलं, तेव्हा सकाळ रिकामी झाली. रिकामं बसणं तिच्या अंगातच नव्हतं. बावन्नाव्या वर्षी तिने तळ्यातली कासवं सांभाळणाऱ्या एका छोट्या संस्थेत काम धरलं. आठवड्यातून तीन दिवस, आठ ते अकरा.

संस्था म्हणजे पंक्चरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकीत सचिवांचं टेबल आणि कपाट, दुसरीत जखमी कासवांसाठी चार प्लास्टिकचे टब. सचिव हे रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. माणूस भला, पण सही करण्याआधी दहादा पेन झटकणारा. मावशीने तळ्याला फेरी मारायची, कासवं मोजायची, गळाचे तुटलेले दोरे आणि पिशव्या बाहेर काढायच्या. मादीने काठाच्या मातीत अंडी घातली की कुत्र्यांनी उकरू नये म्हणून त्या जागेवर जाळीचं झाकण ठोकायचं. आणि सगळं वहीत लिहायचं.

घरात तिची यथेच्छ टिंगल झाली. काका, म्हणजे तिचे यजमान, घड्याळं दुरुस्त करायचे. तिच्यासाठी फोन आला की ते भिंग न काढताच सांगायचे, "बाईसाहेब बाळंतपणाला गेल्यात. कासवाच्या." मावशी हसायची नाही, रागवायचीही नाही.

सहा वर्षं असं चाललं. मग नगरपालिकेने तळ्याचं सुशोभीकरण करायचं ठरवलं. चहूबाजूंनी दगडी भिंत, वर फरशीची पायवाट, दिवे, बाकं. त्याचं चित्र सगळ्यांना आवडलं. मलाही आवडलं, खोटं कशाला सांगू? मी ते मावशीला दाखवलं, तर तिने भिंतीवर बोट ठेवलं.

"ही किती उंच?"

"अडीच फूट लिहिलंय."

"कासवाला वीतभर पायरी चढवत नाही. अंडी घालायला वर कशी येणार ती? शिडी लावून?"

पुढच्याच आठवड्यात सचिवांकडे कागद आला. पूर्वेच्या काठावर कासवं अंडी घालत नाहीत, असं संस्थेने लिहून द्यायचं होतं. तळ्यावर काम करायची परवानगी दरवर्षी त्याच कचेरीतून मिळायची, त्यामुळे सचिवांना नाही म्हणायचं नव्हतं. पाहणी मावशी करायची, म्हणून सही तिची लागणार होती. त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला.

"पूर्वेच्या काठावर यंदा एकोणीस घरटी आहेत, सर," मावशी म्हणाली. "वहीवर तुमचीच सही आहे."

"अहो, मला कळतंय. पण आपण लहान माणसं. त्यात तुम्ही तर अर्धवेळ. कशाला ओढवून घेता?"

"अर्धवेळ असले तरी डोळे दोन्ही उघडे असतात माझे."

तिने सही केली नाही. आठ दिवसांनी तिला कामावरून कमी केल्याचं पत्र आलं. मावशीने त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका लाल पेनने दुरुस्त केल्या, खाली लिहिलं, 'मिळाले. मान्य नाही,' आणि स्वतः जिना चढून ते सचिवांच्या टेबलावर ठेवलं. निघण्याआधी टबांतलं पाणीही बदललं.

त्या दिवशी काकांनी विनोद केला नाही. "आता गं?" एवढंच विचारलं.

"कागद असो नसो, सोमवारी जेसीबी येतोय. मी आठला तिथे असेन."

सोमवारी मी रजा काढून गेले, खरं तर तिला समजावून घरी आणायला. पूर्वेच्या काठावर, जाळ्यांच्या बरोबर मधे, मावशी स्टूल टाकून बसली होती. मांडीवर कुणाचीतरी पँट, तोंडात दोरा. दहा हातांवर जेसीबी घुरघुरत उभा.

"आजी, बाजूला व्हा," चालक ओरडला.

"आजी कुणाला म्हणतोस रे? मावशी म्हण."

"मावशी, काम करायचंय मला."

"मग मी काय झोपा काढतेय?" तिने सुई वर करून दाखवली.

मुकादम तावातावाने आला. पोलिसांना बोलावतो म्हणाला.

"बोलवा की. त्यांच्या कमरा मीच सैल करून देते."

चालकाला हसू आवरेना. त्याने यंत्र बंद केलं. अकरा वाजले तेव्हा मी म्हटलं, "मावशी, तुझी वेळ संपली." ती म्हणाली, "आज नाही संपली." संध्याकाळपर्यंत ती हलली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी काका आपलं स्टूल घेऊन आले आणि तिच्या शेजारी बसले. मुकादमाने वैतागून उरलेल्या तीन बाजूंना काम सुरू केलं.

चौथ्या दिवशी नगरपालिकेच्या इंजिनिअरबाई आल्या. माझ्याच वयाच्या असतील. "मावशी, तुम्हाला उठवायला मला एक फोन पुरेल," त्या म्हणाल्या.

"कर. पण आधी तिकडे बघ. आवाज करू नकोस."

ताटाएवढी एक मादी पाण्यातून वर आली होती. मागच्या पायांनी ती माती उकरत होती. एक पाय, मग दुसरा, जराही घाई नाही. बाई आधी उभ्या होत्या, मग उकिडव्या बसल्या. जवळजवळ तासाभराने अंडी पडायला लागली. त्या पुटपुटत मोजत होत्या. अकरा. मादीने माती ओढली, पोटाने चोपली आणि पाण्याकडे वळली.

"याच्या नोंदी आहेत का तुमच्याकडे?" बाईंनी विचारलं. मावशीने पिशवीतून वही काढली. सहा वर्षांची पानं त्यांनी तिथेच मातीत बसून वाचली. मग टेपचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मावशीने. पहिल्या घरट्यापासून शेवटच्यापर्यंत एकशेदहा फूट भरलं. फाईलवर त्यांनी लिहिलं : हा तुकडा शेवटी घ्यावा.

"शेवटी म्हणजे कधी?" मावशीने विचारलं.

"आमच्या कचेरीत शेवटी म्हणजे कधी, ते तुम्हाला माहीत नाही?"

मावशी त्या चार दिवसांत पहिल्यांदा हसली.

याला चार वर्षं झाली. तळ्याला तीन बाजूंनी भिंत आहे आणि तिथे आता कासवं वर येत नाहीत. ते मावशीला अजून सलतं. पूर्वेला माती आहे. सचिवांनी वर्षभराने निरोप धाडला, परत या. "मी गेले कधी होते?" म्हणत ती जिना चढली.

गेल्या आठवड्यात नवी नोटीस आली. राहिलेला तुकडा पूर्ण करणार म्हणे. मावशी आता बासष्टची आहे, गुडघे कुरकुरतात. तिने नोटीस दोनदा वाचली, चष्मा काढला आणि मला विचारलं, "तुझी रजा किती शिल्लक आहे गं?"

मी सगळ्या रजेचा अर्ज टाकलाय.