घाईमावशीचं लाल कार्ड

वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात तिला सगळे घाईमावशी म्हणत. मशीन थांबायच्या आत हिचा हात झाकणावर. इस्त्रीवाला म्हणायचा, "मावशी, मरताना तरी जरा दम खाल ना?"

"तू हो पुढं. माझ्यासाठी जागा धरून ठेव."

वाफेनं खोकला मात्र छातीत घर करून बसला होता. वरच्या मजल्यावर, म्हाताऱ्यांच्या देखभालीला जायचं तर परीक्षा होती. एकदा ती नापास झालेली. पुन्हा आपटली तर जन्मभर हीच वाफ. म्हणून लेकीनं तिच्या फोनवर अभ्यासाचं अ‍ॅप घालून दिलं. एकेका कार्डावर एक प्रश्न आणि चार उत्तरं. बरोबर आलं की कार्ड हिरवं, चुकलं की लाल, आणि लालच्या खाली कुठं चुकलं ते लिहिलेलं.

ते मावशी कधी वाचायचीच नाही. लाल दिसलं की अंगठा पुढं पळाला.

"आई, थांब की जरा. कारण वाच."

"कारणाचं काय लोणचं घालू? पुढचं येऊ दे."

"अगं, ढकललेलं फिरून येतंच. हे बघ, आलं."

आलं होतं. मधुमेहाचा रुग्ण घामाघूम झाला आहे, बरळतो आहे, तोल जातो आहे. आधी काय कराल? मावशीनं दाबलं, 'झोपू द्यावं'. लाल.

ताप, जखम, अंथरुणाला खिळलेल्याची कूस बदलणं, सगळं तिला यायला लागलं होतं. हे एकच कार्ड रोज चुकायचं, आणि रोज त्याच उत्तरानं. लेकीनं फोन ओढून घेतला. "आज मी वाचते, तू ऐक. अशा वेळी रक्तातली साखर घसरलेली असू शकते. रुग्ण शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल, तर लगेच साखरेचं पाणी द्या. दारू प्यायला आहे असं समजून..."

"बस कर."

लेकीनं वर पाहिलं. आई भिंतीकडे बघत होती.

"तुझे बाबा असेच आले होते गं."

बाबा झोपेत गेले, एवढंच लेकीला ठाऊक होतं. वेल्डर माणूस. ही जन्मली तेव्हा दारू सोडली, पुढं मधुमेह निघाला, गोळ्या सुरू झाल्या.

"भरदुपारी कारखान्यातून परत आले. भिंत धरून, शर्ट चिंब. म्हटलं, लावलंत ना पुन्हा तोंड? पोरीनं बघायच्या आत झोपा गुमान. ते नुसती मान हलवत होते, नाही नाही म्हणून. मी धरून आडवं केलं आणि कामावर पळाले. वास आहे का, एवढंसुद्धा बघायला थांबले नाही."

"मी शाळेतून आले तेव्हा..."

"तुला वाटलं, झोपलेत. आवाज न करता बसून होतीस."

लेकीनं फोन पालथा ठेवला.

"मागनं त्यांचा डबा घासायला काढला. भरलेला, जसाच्या तसा. सकाळची गोळी घेतलेली, वर अन्नाचा कण नाही. आणि साखरेची बरणी त्यांच्या उशाकडच्याच फळीवर, हाताच्या अंतरावर."

"तुला काय माहीत होतं तेव्हा?"

"माहीत नव्हतं, खरंय. पण विचारलंही नाही ना मी."

"मग आता तरी बरोबर ते दाबायचं ना, आई."

"बोट जात नाही. ते दाबलं की वाटतं, इतकं सोपं होतं."

त्या संध्याकाळी तिनं दाबलं. कार्ड हिरवं झालं. खाली अक्षरं आली, हे तुम्हाला येतं, आता बऱ्याच दिवसांनी विचारू.

मावशी पास झाली, वर गेली. वर तिला घाईमावशी कुणी म्हणत नाही. कुणी म्हातारं बरळायला लागलं की ती पलंगाच्या कडेला टेकते, हात हातात घेते, विचारते, "काय होतंय? जेवलात का?" एप्रनच्या खिशात साखरेची पुडी असते.

अ‍ॅप तिनं काढून टाकलेलं नाही. ते कार्ड आलं की ती मुद्दाम 'झोपू द्यावं' दाबते. लाल होतं. मग सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत कारण वाचते. लाल झालेलं कार्ड दुसऱ्या दिवशी पुन्हा येतं.

लेक शेजारी बसलेली असते. बरोबर ते दाब, असं ती आता म्हणत नाही.