स्वल्प वाढवा

आमच्या ऑफिसातले किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. पॅनेलवर धूळ बसते तसे. फरक इतकाच, की धूळ धुऊन काढता येते आणि हे किस्से मनातून जात नाहीत. परवा एका मैत्रिणीला दोन सांगितले तर ती पोट धरून हसली. मला हसू येत नाही. मी त्याच ऑफिसात बसते ना!

काम सांगायला सोपं आहे. अमुक एका जागी सोलर पॅनेल किंवा पवनचक्की लावली, तर वर्षाला किती वीज मिळेल आणि ती केवढ्याला पडेल, याचा अंदाज करून द्यायचा. ऊन फुकट, वारा फुकट. भांडण सगळं आकड्यावरून.

कोरमंगलात एका दर्शिनीच्या, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलच्या, वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. माणसं थोडीच. एक सर, म्हणजे कंपनीचे मालक. दुसरे शिंदे अण्णा, जे साइटवर जाऊन मोजमापं घेतात. आणि तिसरी मी, जी त्या मोजमापांवरून आकडा काढते आणि रिपोर्टाखाली सही करते. मी नागपूरची, त्यामुळे उन्हाबद्दल मला कुणी शिकवू नये. अण्णांचं घराणं चार पिढ्या बेंगळुरूत. त्यांचं मराठी निम्मं कन्नड रस्त्यानं चालतं, आणि मी त्यांच्या मुलीच्या वयाची असून ते मला अक्का म्हणतात.

सध्या माझं डोकं फिरलंय ते एका दवाखान्याच्या फाइलपायी. उत्तर कर्नाटकात एका उघड्या माळावर एका ट्रस्टचा लहानसा दवाखाना आहे. तिथली लाइट येण्यापेक्षा जाण्यासाठीच जास्त प्रसिद्ध. एक जुना डिझेल जनरेटर आहे, त्याच्यावर बाळंतपणाची खोली आणि लशींचा फ्रिज चालतो. ट्रस्टने ठरवलं, सोलर, बॅटरी आणि एक छोटी पवनचक्की बसवायची. आमचा आकडा पुरेसा आला तर जनरेटर काढून टाकायचा, नाही आला तर ठेवायचा. एवढं सोपं. म्हणजे आम्ही कागदावर जे लिहू, त्यावर तिथल्या एखाद्या बाईचं बाळंतपण उजेडात व्हायचं की मोबाइलच्या टॉर्चवर, ते ठरणार. हे एवढं लक्षात ठेवा आणि मग पुढचं ऐका.

\*

स्वल्पविरामापलीकडे ‘स्वल्प’ हा शब्द मी नागपुरात कधी वापरलाच नव्हता. इथे आल्यावर कळलं, की या गावात सगळंच स्वल्प असतं. रिक्षात स्वल्प सरका, लिफ्टमध्ये स्वल्प जागा करा. त्यात काही वाईट नाही, उलट गोडच वाटतं.

पण आमचे सर तोच शब्द घेऊन माझ्या टेबलापाशी येतात. “मॅडम, आकडा छान आहे. स्वल्प वाढवा.”

“कशावरून वाढवू, सर?”

“कशावरून म्हणजे? खालून वर.”

एकदा मी चिडून विचारलं, की स्वल्प म्हणजे नेमकं किती टक्के? सरांनी शांतपणे सांगितलं, “क्लायंट हो म्हणेपर्यंत.”

\*

आमच्या रिपोर्टात दोन आकडे असतात. एक पी-फिफ्टी, म्हणजे निम्मी वर्षं याहून जास्त वीज मिळेल आणि निम्मी वर्षं कमी. दुसरा पी-नाइन्टी, म्हणजे दहातली नऊ वर्षं निदान एवढी तरी मिळेलच. दुसरा आकडा सावध आहे, म्हणून तो लहान असतो. यात डोकेफोड करण्यासारखं काही नाही.

एका क्लायंटला मात्र हे अजिबात पटेना. हा पुण्याचा, माझ्याच वयाचा, अंगात कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट. रिपोर्ट उघडून म्हणाला, “मॅडम, नव्वद हे पन्नासपेक्षा कमी कसे? एक्सेल एकदा चेक करा ना, प्लीज.” मी पंधरा मिनिटं समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ते ठीक आहे हो, पण बघायला ऑड दिसतं. आमच्या बोर्डाला पन्नास म्हणजे काठावर पास वाटतं.”

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट गेला. पाठवलेली कॉपी मी सहज उघडली तर पी-नाइन्टीखाली मोठा आकडा आणि पी-फिफ्टीखाली छोटा! सरांनी दोन्ही रकान्यांची नावं बदलून टाकली होती. आणि खाली सही माझी. मी तशीच त्यांच्या केबिनमध्ये घुसले.

“मी आकड्याला हात लावलाय का?” सर दुखावलेल्या आवाजात म्हणाले. “नुसती नावं तर बदलली.”

उद्या औषधाच्या दुकानात कुणी बाटल्यांवरची लेबलं बदलून हेच ऐकवलं, तर आपण काय करू? मी तो रिपोर्ट परत मागवला. सर माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत, आणि खरं सांगते, ऑफिसात माझं इतकं काम कधीच झालं नव्हतं.

\*

बनशंकरीत एका सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवायचं होतं. अण्णा टेप आणि ओळंबा घेऊन गेले, मी वही घेऊन गेले. गच्चीच्या एका अंगाला पाण्याची टाकी, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांची दोन नारळाची झाडं. सोसायटीचे सेक्रेटरी आमच्याबरोबर. मोठे सज्जन गृहस्थ, आल्या आल्या कॉफी दिली.

अण्णांनी आधी सकाळची सावली मोजली, मग दुपारची. मग ते टाकीच्या आडोशाला बूड टेकून बसले.

“झालं ना आता?” सेक्रेटरींनी विचारलं.

“इल्ला. चारची सावली राहिली.”

“चारची नका हो घेऊ,” सेक्रेटरी कळवळून म्हणाले. “चार वाजता तिथे सावली असते.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी वहीत बघितलं. तरी अण्णांनी चारची मोजलीच. सूर्य काही सोसायटीचा सभासद नाही. पुढे त्या सोसायटीने काम दुसऱ्या कंपनीला दिलं. ती कंपनी म्हणे फक्त दुपारी बाराला येऊन गेली.

\*

महादेवपुरातल्या एका काचेच्या इमारतीत घडलेल्या प्रकाराने तर माझा अजूनही तिळपापड होतो. क्लायंटच्या फायनान्सवाल्या मॅडमनी सोलर प्लांटच्या हिशोबाची फाइल माझ्याकडे तपासायला दिली. खर्चाच्या शीटमध्ये पॅनेल धुण्याचं पाणी शून्य, माणसं शून्य. मी विचारलं, पॅनेलवर धूळ बसणार, ती धुणार कोण?

“पाऊस धुतो ना. तिकडे पाऊस चांगला आहे.”

ठीक. मग विजेच्या शीटवर गेले. तिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ऊन एप्रिलसारखं कडकडीत! ढगांची वजावट नाही, काही नाही. विचारलं, तर म्हणाल्या, “तो भाग तसा कोरडाच आहे.”

म्हणजे एकाच गावात, एकाच फाइलमध्ये, डावीकडच्या शीटवर पाऊस कोसळतोय आणि उजवीकडच्या शीटवर ऊन पडलंय. मी दोन्ही शीटं शेजारी शेजारी ठेवून दाखवली. मॅडमनी नीट पाहिलं, मान हलवली आणि म्हणाल्या, “ही दोन वेगळ्या टीमची कामं आहेत.”

मी अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते दर्शिनीत उभ्याने इडली खात होते. खाता खाता थांबले. “मग आपण असं करू या, अक्का,” म्हणाले, “छत्री घेऊन डावीकडे राहायला जाऊ आणि वाळवण घालायला उजवीकडे येऊ.” अण्णांना असं काहीबाही सुचतं म्हणून मी या ऑफिसात टिकून आहे, नाहीतर केव्हाच चालू पडले असते.

\*

आता तो दवाखाना.

वाऱ्यासाठी आम्ही त्या माळावर वर्षभर एक उंच खांब उभा केला होता. खांबाला वाऱ्याने गरगरणाऱ्या तीन वाट्या असतात, त्या किती वेगाने फिरतात त्यावरून वारा कळतो. वर्षाचा डेटा आला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मिळून एकोणीस दिवस असे निघाले, की वारा अगदीच पडलेला. त्याच दिवसांत आभाळही भरलेलं, म्हणजे उन्हाच्या नावानेही ठणठणाट. आमचं सॉफ्टवेअर लागोपाठ शून्य दिसलं की लाल रंग दाखवतं, म्हणजे यंत्र अडकलं असावं, बघून घ्या.

सरांना तो लाल रंग म्हणजे देवाने पाठवलेली मदत वाटली. “यंत्र बिघडलंय. हे दिवस काढून टाका आणि तिथे वर्षाची सरासरी भरा.” तसं केलं की आकडा पुरेसा होत होता. नाही केलं की होत नव्हता.

मी म्हटलं, आधी अण्णांना जाऊन बघू द्या. अण्णा बसने गेले. खांब खाली आडवा घेतला, वाट्या पुसल्या आणि तोंडाने फुंकर मारली. वाट्या फिरल्या, यंत्रात आकडा उमटला. यंत्र ठणठणीत होतं.

अण्णांनी परत आल्यावर सरांसमोर उभं राहून सांगितलं, “सर, यंत्र सरी आहे, ठीक आहे. वारा नव्हता, तेच रीडिंग आहे.”

“अण्णा, पण असे दिवस काय रोज येतात?”

“रोज नाही येत. माझ्या घरात पण रोज कोणी आजारी नसतंय. म्हणून डॉक्टरचा नंबर पुसून टाकू काय?”

सर हसले, अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते एकोणीस दिवस काढून टाकले.

मी सही करायला नकार दिला. दहा वर्षांत पहिल्यांदा. सर म्हणाले, “काही हरकत नाही, मी करतो,” आणि त्यांनी केलीदेखील. मला एवढंच करता आलं: कुठले दिवस गाळले त्यांच्या तारखा, एकूण एक, मी शेवटच्या परिशिष्टात टाइप केल्या. नियमाप्रमाणे त्या द्याव्याच लागतात, आणि सर परिशिष्ट कधी वाचत नाहीत. क्लायंटही वाचत नाहीत. परिशिष्ट कुणीच वाचत नाही, त्यामुळे मला त्यातून फारशी आशा नव्हती.

मीटिंग ट्रस्टच्या हॉलमध्ये झाली. ट्रस्टची पाच-सहा वडीलधारी मंडळी, सर, मी, अण्णा, आणि दवाखान्यातून आलेल्या डॉक्टरबाई. साठीच्या असतील, बारीक चणीच्या, मांडीवर कापडी पिशवी. सरांनी पडद्यावर एकेक चित्र दाखवलं. वर्षाची सरासरी, पुरेशी वीज, स्वच्छ वीज, शांत वीज. मंडळी खूश झाली. अध्यक्षांनी विचारलं, “मग जनरेटर काढायला हरकत नाही?”

सर म्हणाले, “काहीच नाही.”

डॉक्टरबाईंपुढे रिपोर्टाचं शेवटचं पान उघडं होतं आणि त्यावर त्या बोट फिरवत होत्या.

“हे एकोणीस दिवस कुठे गेले?” त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

“अम्मा, ती टेक्निकल गोष्ट आहे,” सर म्हणाले. “त्या दिवसांचा डेटा उपलब्ध नाही. ते दिवस आम्ही धरलेलेच नाहीत.”

डॉक्टरबाईंनी पिशवीतून एक जाड, कोपरे झिजलेलं रजिस्टर काढलं. पानं उलटली, रिपोर्टातल्या तारखांशी एकेक ओळ लावून पाहिली. मग त्यांनी चष्मा काढला आणि सरांकडे बघून, आवाज जरासुद्धा न चढवता विचारलं,

“या एकोणीस दिवसांत माझ्याकडे सात बाळं झाली. त्यांच्या जन्माच्या दाखल्यावर तारीख काय घालू?”