आबांनी सांगितलेला चेहरा

हिंजवडीतल्या साहेबलोकांची चित्रं काढून माझं घर चालतं. फोटोवरून नाही, माणूस समोर बसवून काढायचं, हा माझा हट्ट. साहेबांना पोट कमी हवं असतं आणि केस जास्त. मी दोन्हीला नकार देते. मग ते तोंड फुगवून बसतात आणि मी ते फुगलेलं तोंडही काढते. दुसरा हट्ट असा की डोळ्यांतली बुबुळं मी सगळ्यात शेवटी रंगवते, तीही गिऱ्हाइकाच्या घरी, घरच्यांच्या समोर. तोवर चित्रातले डोळे कोरेच असतात. पुष्कळांना ते बघवत नाही.

मारुंजीतल्या माझ्या खोलीवर एकदा माले गावाकडची एक बाई आली. साठीला टेकलेली, शेतावर राबून रापलेली. बसा म्हटलं तरी बसेना. ती रांगत होती तेव्हा तिची आई गेली होती, आणि घरात आईचा एकही फोटो नव्हता.

"आई कशी दिसायची ते आता एकट्या आबांनाच ठावं हाय," ती म्हणाली. "आन् आबा इसराया लागल्यात. कवा मला वळखत्यात, कवा न्हाई. त्यांच्या डोस्क्यातनं समदं जायच्या आत मला आईचं त्वांड बघायचंय. एकडाव."

समोर कुणी बसल्याशिवाय मी काढत नाही, हे मी तिला सांगितलं. त्यावर ती म्हणाली, मी बसते की. आबा नेहमी म्हणायचे, तू आईच्या वळणावर गेलीस. तिचा चेहरा तरुण करून काढायचा, आणि चुकेल तिथे आबांनी सांगायचं. बेत बरा वाटला म्हणून मी हो म्हटलं.

घर रस्त्यापासून आत, बांधावरून चालत जायचं. आजूबाजूच्या जमिनी फार्महाउसवाल्यांनी घेऊन तारा ठोकलेल्या, मधेच यांची भातखाचरं. ओसरीवर पलंग आणि पलंगावर आबा, जाड चष्मा लावून, भिंतीला टेकून. मी त्यांच्यासमोर स्टँड मांडला. माझ्या शेजारी, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, ती, त्यांची मुलगी, बसली. मी कोळशाने रेघा ओढायची, मधूनमधून चित्र आबांकडे फिरवायची, आणि ते बोलायचे.

"कपाळ येवढं न्हाई."

मी पुसलं.

"हनवटी बारीक. आन् नाकाचा शेंडा वाईच कलता."

तेही केलं. दुपारी वाडीत माणूस नसे. पलीकडे शेळ्या बांधलेल्या होत्या, पण त्यांचाही आवाज येत नसे. स्वतःचं नाव विसरणारा म्हातारा त्या शांततेत भुवईचं वळण सांगायचा, कानाची पाळी सांगायचा. एका भुवईपेक्षा दुसरी चढी. जबडा डावीकडे जरा जड. त्यांची नजर चित्रावर फारशी नसायची. चित्राच्या वरून ती आमच्या दिशेला लागलेली असायची. जुन्या काळात बघताहेत, असं मला वाटायचं.

दर खेपेला मी गेले की चित्रातून मुलगी थोडी पुसली जायची. शेजारी बसून ती आपलंच तोंड नाहीसं होताना बघत होती, आणि तिला त्याचा आनंद होत होता.

"कामात आसली की खालचा व्हट आत घ्यायची," आबा एकदा म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "जेवलीस का गं?"

वडील मुलीला विचारतात तो आवाज नव्हता.

"व्हय," मुलगी शेजारून म्हणाली. त्या दिवसापासून तिने त्यांना आबा म्हणणं सोडलं. ते विचारायचे, ती खाली मान घालून उत्तर द्यायची. मध्ये बसून मी रंग कालवत राहायचे.

शेवटी बुबुळं राहिली. त्या दिवशी घरात झेंडूचा हार आणून ठेवला होता. भिंतीवर खिळा ठोकलेला होता. मी विचारलं, "आबा, डोळे कसे होते?"

"आत्ता बघतीयास तसंच."

मुलीच्या डोळ्यांकडे बघून मी रंग लावायला गेले, तर ते करवादले. "तिकडं कशापायी बघतीस? अशी. म्होरं बघ."

मी समोर बघितलं आणि तशीच समोर बघणारी बुबुळं रंगवली. आतून घरातली सून चहा घेऊन आली. तिने चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुन्हा चित्राकडे. हातातला ट्रे तिने सावकाश खाली ठेवला.

"ताई," ती म्हणाली, "ह्या तर तुमीच."

मी हसायला गेले. दुसऱ्यांची तोंडं काढण्यात जन्म गेला, स्वतःचं एकदाही काढलं नव्हतं. आरशातलं तोंड तेवढं ओळखीचं, पण त्यात डावं उजवीकडे असतं. मी मोबाइलवर माझा एक फोटो काढला आणि चित्राशेजारी धरला. कलता शेंडा, चढी भुवई, जड जबडा. ओठ आत घेतलेला मला तेव्हा कळला, कारण तो अजून दातांखालीच होता.

मी मुलीला सरळ सांगून टाकलं. म्हटलं, "आबांना आठवत नव्हतं. समोर जे दिसत होतं तेच ते सांगत गेले. ही तुमची आई नाही. मला माफ करा." तिने मागितलेली एकच गोष्ट होती, आणि ती आता कुठूनही आणता येणार नव्हती.

आबा पलंगावर मजेत चहा पीत होते.

"आबा," ती त्यांच्याजवळ जाऊन, बऱ्याच दिवसांनी त्या हाकेने म्हणाली, "ही कोन?"

"मालकीन माजी," आबा म्हणाले. त्यांनी चित्राकडे पाहिलंही नाही. बशीतला चहा संपवताना ते माझ्याकडेच बघत होते.

ती वळली. "दिसतंय ते सांगत व्हते, का वळखत व्हते, कसं सांगायचं ताई? नर्स येती, पोरी येत्यात, कुनाला न्हाई कवा इचारलं जेवलीस का म्हनून."

मी ब्रश गुंडाळले. घाईघाईने, उन्हं असतानाच, मला तिथून निघायचं होतं.

पायरीपाशी तिने मला अडवलं आणि वाकली. मी तिचे खांदे धरले. म्हटलं, "अहो, हे काय, मी तुमच्याहून किती लहान आहे."

"तुमाला न्हाई," ती म्हणाली. "तुमी निस्त्या हुब्या ऱ्हावा वाईच."

तिने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी हात सोडले आणि उभी राहिले.