पत्तेवाल्या मामांचे हातमोजे

आमच्या पत्तेवाल्या मामांइतका काळजी करणारा माणूस मुळशी तालुक्यात दुसरा नाही, आणि आपल्यामागे एवढी काळजी कोण करणार, ही काळजीसुद्धा मामाच करतात. ते माझे सख्खे, चुलत असे कुठलेच मामा नव्हेत. मी पुण्यात प्राथमिक शाळेत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी वाढदिवसांना, शाळांच्या गॅदरिंगला जादूचे प्रयोग करते. मामा जादूगारांसाठी पत्ते बनवतात. पंधरा वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या जादूगाराने "पत्ते हवेत तर भुकूमला जा" एवढंच सांगितलं, आणि मी पौडच्या एसटीने भुकूमला उतरले. टपरीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "त्यो घाबरट म्हातारा व्हय? त्या नव्या बिल्डिंगीच्या मागं जावा, पर कडी वाजवू नका, दचकतोय." मी हळूच हाक मारली. दार चार बोटं उघडलं आणि आतून पहिलं वाक्य आलं, "हात धुतले का?"

मामांची सगळी हयात शहरातल्या एका बायंडिंगच्या कारखान्यात कागद कापण्यात गेली. त्यांचे पत्ते दिसायला दुकानातल्यासारखेच असतात, पण प्रत्येक पानाचं एक टोक दुसऱ्यापेक्षा केसभर अरुंद असतं. प्रेक्षकाने एक पान काढलं की आपण गप्पा मारत मारत पत्त्यांचा कॅट फिरवून त्याच्या टोकांची अदलाबदल करायची. मग परत ठेवलेल्या पानाचं रुंद टोक बाकीच्या अरुंद टोकांमध्ये येतं. डोळ्यांना ते दिसत नाही, बोटांना कळतं. हे गुपित मी इथे उघड करतेय हे मामांना समजलं तर त्यांचा रक्तदाब वाढेल. पण ते वाचण्याच्या भानगडीत पडत नाहीत, छापलेल्या कागदाची ते फक्त कड बघतात. लाकडी साच्यात पान धरायचं, पॉलिश पेपर दोनदा फिरवायचा, मग डोळे मिटून कडेवरून अंगठा न्यायचा. एकदा मी विचारलं, "मामा, मोजपट्टी नाही का लावत?" ते म्हणाले, "मोजपट्टी डोळंवाल्यास्नी." त्यांना फसवणं मला कधीच जमलं नाही. पहिल्या भेटीत मी आपली शाळकरी जादू करून दाखवली. कॅटचं सगळ्यात खालचं पान चोरून बघायचं आणि त्याच्या शेजारी आलेलं पान ओळखायचं, ती. मामांनी मला पुरतं संपवूही दिलं नाही. "खालचं पान बगितलंत. ही जादू न्हाई बाई, ही चोरी हाय."

पावसाळ्यात या माणसाच्या जिवाला क्षणाचा थारा नसे. मुळशीच्या हवेत पत्ते फुगतात म्हणून तयार कॅट तांदळाच्या कोठीत पुरून ठेवत. मामी अतिशय शांत बाई, पण एकदा भाताच्या आधणात चौकटची राणी वर आली तेव्हा तिचाही तोल गेला होता. दुसरी धास्ती जुगाऱ्यांची. नवं गिऱ्हाईक आलं की मामा त्याच्याकडून आधी एखादी जादू करून घेत. एकदा गाडीतून आलेल्या एका गृहस्थांना काही येईना, तर मामांनी त्यांना गुपचूप किराणा दुकानातला साधा कॅट दिला आणि पुढे दोन महिने प्रत्येक गाडीचा हॉर्न ऐकून मागच्या दाराने गोठ्यात जाऊन बसत राहिले. आणि तिसरी, सगळ्यांत मोठी काळजी आमच्या प्रयोगांची. प्रयोग संपून मी सामान आवरत असते तोच फोन येतो, "बाई, पकडलं न्हाई ना कुनी?" नाही म्हटलं की पलीकडून तांब्याभर पाणी घटाघटा प्यायल्याचा आवाज येतो आणि फोन बंद होतो.

एकदा पौडच्या एका शाळेत माझा प्रयोग होता. जवळच आहे, या बघायला, असं मी म्हटलं ही माझी चूक. मामा शेवटच्या रांगेत छातीवर हात ठेवून बसले होते. मुख्याध्यापकांनी पान काढलं, सगळ्यांना दाखवलं, आणि माझ्या हातून कॅट फिरवायचा राहिला. तीनशे पोरं श्वास रोखून बसलेली, आणि मागून आवाज आला, "बाई! फिरवा! कॅट फिरवा!" सगळी सभा मागे वळून बघू लागली. त्या गडबडीत मी कॅट फिरवला आणि पान बरोबर काढलं. पोरांना वाटलं तो मंत्रच होता, पुढच्या प्रत्येक जादूला ती "कॅट फिरवा!" म्हणून ओरडत राहिली, रुमालातून फुलं काढली तेव्हासुद्धा. मामा मात्र तीन महिने मला तोंड दाखवेनात. मामीच्या हाती निरोप आला, "माजी जीभ कापून टाका म्हनावं."

या माणसाला घरात मात्र कुणी पत्ते खेळू देत नसे. मामीला रमीचं भारी वेड. दुकानातून नवा कोरा कॅट आणला तरी आठ दिवसांत बावन्नही पानं मामांच्या बोटांच्या ओळखीची होत. हे कोपऱ्यात दबलेलं, ते घामाने मऊ पडलेलं. वरचं पान उचलायच्या आधीच त्यांना ते कळे. मुद्दाम नव्हे, पण कळलेलं विसरणार कसं? शेवटी मामीने पौडच्या बाजारातून त्यांना लोकरीचे हातमोजे आणून दिले. "ह्ये घातल्याबिगर माज्यासंगं खेळायचं न्हाई." तेव्हापासून भर वैशाखातही मामा लालभडक मोजे घालून ओसरीवर रमी खेळत. पानं मोज्यांतून निसटून पडत, मामी जिंकत असे, आणि मामा घाम पुसत "लबाड खेळती" म्हणत.

गेल्या डिसेंबरात शनिवारच्या गॅदरिंगसाठी मी नवा कॅट आणायला गेले. मामी चुलीवरून चहाचं पातेलं उतरवत होती. तिच्या हातांत ते लाल मोजे होते. ओसरीवर रमीचा डाव अर्धा पडलेला, आणि मामा तिथे उघड्या हातांनी बसले होते. मामी चहा देताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "साकर लई वाढलीया त्येंची. बोटं झोपल्यात." मामा लगबगीने म्हणाले, "थोडी झोपल्यात. कामाला जागी हायत." आणि कोठीतून कॅट काढून माझ्यापुढे ठेवला. मग पंधरा वर्षांत कधी म्हणाले नव्हते ते म्हणाले, "तुमीच बगा बरं."

मी डोळे मिटून अंगठा फिरवला. दहा-बारा पानं वेडीवाकडी निघाली होती, काही तर घासलीच नव्हती. या कॅटने शनिवारी काही जमणार नव्हतं. डोळे उघडले तेव्हा मामा छातीवर हात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होते, शेवटच्या रांगेत बसल्यासारखे. मी म्हटलं, "मामी, एक पान काढा." तिने काढलं, पाहिलं, परत ठेवलं. मी कॅट छान ऐटीत फिरवला, कडांवरून बोटं नेली, क्षणभर अडखळल्याचं नाटक केलं आणि किलवरची नव्वी बाहेर काढली. मामीने मान डोलावली. मी खालचं पान चोरून बघितलं होतं. ज्या चोरीला मामांनी मला पहिल्याच दिवशी पकडलं, तीच त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच ओसरीवर केली होती. मामांनी तांब्या उचलला, घटाघटा पाणी प्यायले आणि म्हणाले, "जमलं म्हनायचं."

मामी रस्त्यापर्यंत सोडायला आली. एसटी दिसल्यावर तिने माझा हात घट्ट धरला. "बाई, त्येंना कळलं आसंल का वो?" मी नाही म्हटलं, पण मला ठाऊक नाही. अजूनही नाही.

शनिवारी मी जुनाच कॅट वापरला. प्रयोग संपला तोच फोन वाजला. "पकडलं न्हाई ना कुनी?"

"नाही मामा."

"नव्याच कॅटनं केलं नव्हं?"

"नव्याच."

पलीकडे पाण्याचा आवाज झाला नाही. मग मामा म्हणाले, "जुना बी संबाळून ठिवा, बाई. तांदळात ठिवा."

जुना कॅट आता माझ्या तांदळाच्या डब्यात असतो. प्रत्येक प्रयोगागणिक त्याच्या कडा झिजत चालल्या आहेत. आणखी वर्षभर तरी टिकावा, एवढीच रोजची काळजी. मामांचे फोन अजून येतात, "नाही मामा, कुणी पकडलं नाही," असं मी सांगते, आणि फोन ठेवला की हल्ली तांब्याभर पाणी मीच पिते.